फरशी ओली आहे

त्याला सगळे ओळंबा म्हणत. खरं तर ओळंबा भिंतीसाठी. दोरीला वजन बांधून गवंडी भिंत सरळ उभी आहे की नाही ते त्यानं बघतो. हा तर फरशी बसवणारा, आणि फरशीला लागते ती पाणसळ, नळीत बुडबुडा असलेली पट्टी. पण माणसाला हाक मारायला 'पाणसळ' काही तोंडात बसत नाही. शिवाय तो चालायचाही तसाच, ताठ, वरून कुणीतरी दोरीला टांगून सोडल्यासारखा. नाव चिकटलं ते चिकटलं. लग्नानंतर बायकोला लोक 'ओळंब्याच्या घरची' म्हणू लागले. तिला त्याचं हसू यायचं आणि आतून बरंही वाटायचं.

ती एका कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत मशीनवर बसायची. पँटची उंची कमी कर, चेन बदल, कंबर सैल कर, अशी कामं. स्वभावानं ती त्याच्या अगदी उलट. तिच्या टाचण्या कुठंही सापडायच्या. उशीत, साबणाच्या डबीत, एकदा तर पावात. कात्री शोधण्यातच तिचा निम्मा जन्म गेला होता. ओळंबा यावर कधी चिडला नाही. कामावरून आला की हातपाय धुऊन तिच्या मागून फिरायचा. टाचण्या डबीत, कात्री खिळ्याला, रिळं रंगवार. "तू पसर, मी आवरतो," म्हणायचा. "दोघंही आवरणारे असतो तर एकाला घरात काम काय उरलं असतं?"

असा त्यांचा संसार तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत छान चालला होता. एकच लेक, ती शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. तिला मुलगी झाली तेव्हा ओळंब्यानं सगळ्या मजुरांना चहा पाजला होता.

पहिल्यांदा काही बिनसलं ते एका नव्या दवाखान्याच्या कामात. बसायची मोठी खोली, फिक्या रंगाची फरशी, भरपूर उजेड. काम झालं, सांधे भरून झाले, डॉक्टरनं खांद्यावर थाप मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी घमेल्या धापा टाकत तिच्या दुकानात आला. घमेल्या म्हणजे ओळंब्याचा जुना जोडीदार, माल कालवून देणारा. डोक्यावर घमेलं नसलं तर त्याला चालताना तोल सावरत नाही, असं ओळंबाच थट्टेनं म्हणायचा.

"वहिनी, चला जरा. दादा फरशी उखडतोय."

"कुठली?"

"कालची."

ती पोचली तेव्हा खोलीच्या मधोमध खड्डा पडला होता आणि ओळंबा त्यात गुडघ्यावर बसून छिन्नी मारत होता. दवाखान्याचा डॉक्टर दारात उभा राहून फोनवर बोलत होता. ओळंब्यानं वर पाहिलं तेव्हा तो रागात नव्हता, वेड्यासारखाही दिसत नव्हता. उलट सुटका झाल्यासारखा दिसत होता.

"तिसरी ओळ सरकली होती," तो म्हणाला. "झोपेतच कळलं मला."

"मला तर काही दिसलं नव्हतं," घमेल्या पुटपुटला.

"तुला दिसत नाही म्हणून तू घमेलं उचलतोस."

सगळे हसले. डॉक्टरसुद्धा शेवटी हसला, कारण ओळंब्यानं सगळं पुन्हा बसवून दिलं. मजूर म्हणाले, कारागीर असावा तर असा. दुकानातल्या बायका तिला म्हणाल्या, तुझं नशीब थोर, आमच्याकडे नळ गळतोय वर्षभर. तिनंही तेव्हा ते हसण्यावारी नेलं. पुढं कितीतरी वेळा तिला वाटलं, आपण सगळे त्या दिवशी हसलो नसतो तर? पण हे नंतरचं शहाणपण.

एकदा सुरू झालं ते थांबेना. दोन दिवसांचं काम आठवड्यावर जाऊ लागलं. बसवलेली फरशी तो पुन्हा काढायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा, की परत बुडबुडा बघायचा. एका घरी तर मालकीण आत कोंडली गेली, कारण दाराजवळची ओळ त्याच्या मनासारखी होईना आणि तो तिला पाऊल टाकू देईना. ठेकेदार चांगला माणूस होता. त्यानं बरीच कळ काढली. शेवटी दुकानात येऊन तिलाच म्हणाला, "वहिनी, मला माणसांनी चालायची फरशी हवी असते हो. त्याला नुसती बघायची फरशी करायचीय. कसं जमायचं?" आणि त्यानं दुसरा माणूस धरला.

मग ओळंबा घरी बसला. घरी बसलेल्या माणसाची नजर घराकडे वळते. त्याची खाली वळली.

त्यांच्या घरातली फरशी त्यानंच बसवलेली, लग्नाआधी, हौसेनं. आता त्याला तीत चुका दिसू लागल्या. स्वयंपाकघराचा कोपरा खचलाय. ओट्याखालची ओळ तिरकी आहे. त्यानं ओट्याखालून सुरुवात केली. ती कामावरून यायची तर शेगडी बाहेरच्या खोलीत, भांडी पलंगावर, हवेत सिमेंटची धूळ. तिनं भांडून बघितलं, रडून बघितलं, अबोला धरून बघितला. अबोल्याचा उपयोग शून्य, कारण ते त्याला कळलंच नाही. तो खाली बघत होता.

"अहो, कोण येऊन बघणार आहे ओट्याखाली?"

"मला माहीत आहे ना."

"मग तुम्ही विसरा."

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याला श्वास घ्यायचा विसरायला सांगितलं होतं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुला काय वाटतं, मला हौस आहे? माझे गुडघे बघ." त्यानं पँट वर केली. गुडघ्यांची कातडी सोलून, सुकून, पुन्हा सोलली होती. "वाकडं दिसलं की इथं," त्यानं छातीवर मूठ ठेवली, "कुणीतरी स्क्रू पिळतं. सरळ केलं की सैल होतं. जरा वेळ. मग दुसरं दिसतं."

तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ओळखलं, की हा स्वभाव नाही. हा स्वभावाला लागलेला रोग आहे.

तिनं त्याला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. सहज नाही आला. "मला काही झालेलं नाही, फरशीला झालंय," असं म्हणाला आणि स्वतःच हसला, आणि हसला म्हणून तिला धीर आला. डॉक्टर मध्यम वयाची, चष्मा कपाळावर ढकलून बोलणारी बाई होती. तिनं घाई केली नाही.

"तुम्हाला जे वाकडं दिसतं, ते खरंच वाकडं असतं का?"

"असतं. केसभर असतं. मोजून दाखवतो."

"मला पटलं. मी मोजायला सांगत नाही. केसभर वाकडं असूनही चालतं, असं बाकीच्यांना वाटतं. तुम्हाला का वाटत नाही, त्यावर आपण काम करू."

तिनं गोळ्या लिहून दिल्या आणि एक विचित्र अभ्यास दिला. घरात एक फरशी मुद्दाम वाकडी बसवायची आणि तिच्यासमोर बसायचं. जीव घाबरा होईल, होऊ द्यायचा. उठायचं नाही, दुरुस्त करायची नाही. "भीती किती वेळ टिच्चून उभी राहील?" डॉक्टर म्हणाली. "तीही दमते. तुम्ही तिला कधी दमू दिलेलं नाही, एवढंच."

पहिल्या दिवशी दोघं स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. समोर ती एक फरशी, बाकीच्यांपेक्षा बोटभर फिरलेली, वर्गात पाठ करून बसलेल्या मुलासारखी. ओळंब्याला दरदरून घाम फुटला. त्याचे हात आपोआप पुढे जात होते आणि ती ते धरून ठेवत होती. एकदा त्यानं तिचा हात इतका आवळला, की तिची बांगडी वाकली. त्याला हसू आलं. "बघ, हीपण वाकडी झाली." मग हळूहळू त्याचा श्वास खाली आला. बाहेर संध्याकाळ झाली होती. तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड पुसलं.

काही महिने फार बरे गेले. ती ते महिने पुढं आठवायची तेव्हा तिला त्यातलं मोठं काही आठवायचं नाही. आठवायचं ते एवढंच, की तो जेवताना ताटाकडे बघायचा. दुकानातून येताना ती त्याला हाक मारायची आणि तो खिडकीत यायचा. स्वयंपाकघराची फरशी पुरी झाली, साधी, चारचौघांसारखी, आणि तो तिच्यावर चपला घालून फिरला. "चालतंय," म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडून तिनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

घमेल्यानं एक छोटं काम आणलं. केस कापायच्या दुकानाची फरशी. दोघं गेले, वेळेत काम झालं. ती मुद्दाम बघायला गेली. छान होती. दुकानाची मालकीण भली बाई, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पैसे देताना ती बोलून गेली, "नाव फार ऐकलं होतं हो तुमचं. आता पूर्वीसारखं राहिलं नाही ना काम? वयाप्रमाणे होतंच म्हणा."

ओळंबा हसून "होतंच," म्हणाला. घमेल्या वाटेत बडबडत होता, ही बाई काय समजते, हिनं फरशी केस झाडण्यापलीकडे कधी बघितलीय. पण ते वाक्य जिथं जायचं तिथं जाऊन बसलं होतं.

त्या दिवसापासून त्यानं गोळ्या सोडल्या. तिला सांगितलं नाही. फार पुढं, सगळं झाल्यावर, तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, "ती बाई म्हणाली तेव्हा मी परत खाली बघितलं. वाकडी होती. आणि मला काहीच झालं नाही. मला कसलं भ्या वाटलं माहीत आहे? आज फरशी चालतेय, उद्या काहीही चालेल. मग मी कोण? माझ्याजवळ दुसरं होतं काय?"

त्याच सुमारास लेक आली. जावयाला कामासाठी दूर जावं लागलं होतं, तेव्हा महिनाभर आईबापांकडे राहावं म्हणून. सोबत नात टिल्ली, वर्षा-सव्वा वर्षाची, नुकतेच पाय फुटलेली. धरून चालायची, सोडून पडायची, पडून हसायची. ओळंबा तिच्यामागे वाकून वाकून फिरायचा. ताठ माणूस असा वाकलेला बघून शेजारपाजारचे म्हणायचे, ओळंब्याची दोरी नातीनं कापली.

बायकोला मात्र काही काही दिसत होतं. टिल्लीला खेळवता खेळवता तो हाताचा तळवा फरशीवरून फिरवायचा, सांध्यावर थांबायचा. एकदा त्यानं खुर्ची उचलून ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. तिनं बघितलं आणि बघितलं नाही. लेकीला बापाच्या आजाराचं तिनं पुरतं सांगितलं नव्हतं. 'जरा चिडचिड होते, औषध चालू आहे' एवढंच. आता बरं झालंय तर कशाला पोरीच्या डोक्याला ताप, असं तिनं स्वतःला समजावलं. घरात पुन्हा माणसं होती, हसणं होतं. ते मोडायला तिचा हात उचलला नाही.

आणि एका दुपारी लेक म्हणाली, टिल्लीला बूट घ्यायचेत, पण ही झोपलीय. आईच म्हणाली, "झोपू दे. बाबा आहेत ना. पावलाचं माप घे दोऱ्यानं, आपण जाऊन येऊ."

बुटांच्या दुकानात दोघी रमल्या. लेकीनं लाल घेतले. परत येताना कोपऱ्यावरच टिल्लीचं रडणं ऐकू आलं. लेक धावली.

बाहेरच्या खोलीची अर्धी फरशी उखडलेली होती. काढलेले चौकोन भिंतीला ओळीनं टेकवून ठेवले होते, कडा वर. टिल्ली पलंगावर बसून किंचाळत होती. तिच्या डोक्याभोवती पांढरं फडकं बांधलं होतं, नीट, घडी घालून, गाठ मागं, आणि डाव्या डोळ्यावर ते लाल होत चाललं होतं. अंगावरचा फ्रॉक बदललेला होता. आणि ओळंबा जमिनीवर, गुडघ्यांवर, तिच्याकडे पाठ करून बसला होता. त्याच्या हातात बारीक तार होती. ज्या भागातली फरशी अजून शाबूत होती तिथल्या सांध्यातून तो रक्त कोरून काढत होता.

"बाबा!"

त्यानं मान वळवली. चेहरा पांढराफटक पडला होता, गालांवरून पाणी वाहत होतं. हात थांबला नव्हता.

"सांध्यात गेलं की निघत नाही गं," तो म्हणाला. "आत्ताच काढायला लागतं."

लेकीनं टिल्लीला उचललं आणि ती धावत सुटली. तिच्यामागून ही, पायांत चपला नाहीत. दवाखान्यात टाके पडले. भुवईपासून पापणीपर्यंत. डोळा वाचला, थोडक्यात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. लेक बाकावर बसल्या बसल्या, भिंतीकडे बघत म्हणाली, "पडली असती कुठंही. मुलं पडतातच. पण ती तिथं रडत होती आई, आणि ते फरशी साफ करत होते."

"तो आजार आहे."

"तुला माहीत होतं?"

तिला माहीत होतं.

लेक दुसऱ्याच दिवशी गेली. जाताना तिनं बापाकडे बघितलं नाही, आणि बापही दारात आला नाही. आईला मात्र म्हणाली, "तू चल. राग धरायला तरी मला जवळ कुणीतरी हवंय." ते ऐकून दोघी एकमेकींना धरून रडल्या. पण ती गेली नाही. अशा वेळी माणसाला एकटं कसं टाकायचं?

पोरीच्या डोळ्याशी आलेली ती कड ओळंब्याच्या मनातून जाईना. आणि त्याचं मन जिथं जाऊन थांबायचं तिथंच थांबलं. फरशी नीट असती तर उखडावी लागली नसती. उखडली नसती तर कडा उघड्या पडल्या नसत्या. म्हणजे पहिल्यापासून सगळं सरळ असायला हवं होतं. त्यानं दोन्ही खोल्या उकरून काढल्या, पार खालच्या मातीपर्यंत. आता यात हौस नव्हती, अभिमान नव्हता. शिक्षा भोगणाऱ्या माणसासारखा तो काम करायचा. तिनं डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचा, "हे एवढं होऊ दे. मग येतो. तू म्हणशील तिथं येतो." आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, की हे एक दिवस होईल.

डॉक्टर एकदा स्वतः घरी आली. फळीवरून तोल सांभाळत आत शिरली, त्याच्याजवळ उकिडवी बसली, बराच वेळ बोलली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. गोळ्या घेतल्या आणि कोनाड्यात ठेवल्या, कडेला समांतर. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाली, "मी प्रयत्न सोडणार नाही. पण त्यांना बरं होण्याचीच धास्ती बसलीय. अभ्यास त्यांनीच करायचा असतो हो, तो दुसऱ्याला करून देता येत नाही." घमेल्यानं वेगळा उपाय केला. एक दिवस येऊन सगळी हत्यारं उचलून घेऊन गेला. ओळंब्यानं चमच्यानं काम चालू ठेवलं. नखं गेली. तिसऱ्या दिवशी घमेल्याच हत्यारं परत घेऊन आला आणि दारात बसून हमसून हमसून रडला.

झोपायला जागा नव्हती. स्वयंपाक ती जिन्याखाली करायची. दुकानात मशीनवर बसल्या बसल्या तिला डुलक्या लागायच्या, एकदा सुई बोटातून आरपार गेली. एक दिवस ती घरी आली आणि दमून, विसरून, सरळ आत पाऊल टाकलं. ताज्या सिमेंटात तिची चप्पल रुतली. तो ओरडला नाही. आयुष्यात तिच्यावर कधी ओरडला नव्हता. तो फक्त त्या ठशाकडे बघत राहिला आणि थरथरू लागला, थंडी वाजल्यासारखा, दात वाजेपर्यंत.

"तू जा," तो म्हणाला. "लेकीकडे जा. तू आलीस की मला तुझी भीती वाटते. तुझ्या पायांची. मला तुझी भीती वाटायला नको आहे."

ती गेली. एक पिशवी भरली, त्यात टाचण्यांची डबी घेतली का, कात्री घेतली का, तिला आठवत नव्हतं. कुणी मागून येऊन आवरणार नव्हतं.

लेकीच्या गावाहून ती दर आठवड्याला बसनं यायची, डबा घेऊन. दार ठोठावलं की आतून आवाज यायचा, "आत येऊ नकोस. फरशी ओली आहे." ती डबा उंबऱ्यावर ठेवायची. दाराच्या फटीतून दोघं बोलायची, पावसापाण्याचं, घमेल्याच्या गुडघ्याचं. टिल्लीचं तो विचारायचा नाही. रिकामा डबा घासून, पुसून, झाकणाच्या कडा जुळवून दिलेला असायचा. दर वेळी फरशी ओलीच असायची. हळूहळू तिला कळलं, की ओली नसली तरी तो ओलीच म्हणतो.

मग एकदा ती आली तर तो बाहेर बसलेला. दाराला पाठ टेकून, पाय जवळ घेऊन. दाढी वाढलेली, हाडं वर आलेली. दार सताड उघडं होतं. तिनं आत डोकावलं.

फरशी पुरी झाली होती. दोन्ही खोल्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. खिडकीतून आलेलं ऊन तिच्यावर सांडलं होतं आणि कुठंही अडखळत नव्हतं. आत पलंग नव्हता, शेगडी नव्हती, खुर्ची नव्हती. सगळं सामान जिन्याखाली रचलेलं. तिला फरशीतलं कळत नव्हतं, पण हे तिलाही कळलं. असं काम तिनं कुठं पाहिलं नव्हतं.

"झाली," तो म्हणाला.

"किती सुंदर झालीय हो." ती ते मनापासून म्हणाली. मग तिचा धीर वाढला. "झाली ना? मग चला आता. तुम्ही म्हणाला होतात, झालं की येतो. आधी डॉक्टरकडे जाऊ. मग लेकीकडे. मी बोलते तिच्याशी."

त्यानं मान हलवली. "मी गेलो आणि कुणी आत शिरलं तर?"

"कुलूप लावू."

"वर राहणारे चालतात तेव्हा धक्का बसतो. लक्ष ठेवायला लागतं." मग जरा वेळानं, "मीसुद्धा आत जात नाही."

"झोपता कुठं?"

त्यानं बसल्या जागेवर हात ठेवला.

ती त्याच्या शेजारी बसली. डबा उघडला, पाव सूपमध्ये बुडवून त्याच्या हातात दिला. बोटांची टोकं जाड, काळी, नखं वेडीवाकडी आलेली. तो भुकेला होता, भराभर खाल्लं. रस्त्यावरून माणसं जात होती, दोघांकडे बघत होती. कुणीतरी "काय ओळंबा!" म्हणून हात केला आणि त्यानं सवयीनं मान डोलावली. तिला क्षणभर वाटलं, कामावरून दमून आलेलं एक जोडपं दारात बसलंय, बाकी काही नाही.

"डोळा?" तो एकाएकी म्हणाला. आजवर त्यानं विचारलं नव्हतं.

"चांगला आहे. सगळं दिसतं तिला. पळते आता. एका जागी ठरत नाही."

"व्रण?"

"आहे बारीकसा. भुवईत लपतो."

हातातला पावाचा तुकडा त्यानं डब्यात परत ठेवला. "सरळ आलाय?"

तिच्या डोळ्यांसमोर ती रेघ आली, भुवईतून निघून पापणीशी वळलेली, टाक्यांच्या जागी जरा चुरगळलेली. त्या रेघेवर ती रोज तेलाचं बोट फिरवत होती.

"सरळ आहे," ती म्हणाली. "अगदी सरळ."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला त्याच्यापासून काही लपवता आलं नव्हतं कधी. तो बघत राहिला आणि तिनंही नजर काढून घेतली नाही. मग त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासू लागला, पुन्हा पुन्हा, काहीतरी पुसून काढत असल्यासारखा.

"अहो," ती म्हणाली. "अहो, माझ्याकडे बघा."

पण तो वळून उघड्या दारातून आत बघू लागला होता. डोळे बारीक करून, खिडकीकडच्या भिंतीपाशी कुठंतरी. तिला तिथं काही दिसत नव्हतं. ऊन होतं आणि फरशी होती. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा ताठ होता आणि हाताखाली तो कणाकणानं पुढं झुकत होता.

तिची बस निघायची वेळ झाली होती. ती बसून राहिली. जरा वेळानं तो उठला, जिन्याखाली गेला आणि छिन्नी शोधू लागला.